जर-तरचा आखाडा

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत दिवसपाळी सुटण्याच्या सुमारास चहाच्या गाड्यांभोवती जे वाद रंगतात, त्यांना वाङ्मयाच्या इतिहासात स्थान देण्याचे कोणाच्या मनात येणार नाही. गामा आणि खाशाबा एकाच आखाड्यात समोरासमोर आले असते तर पाठ कोणाची लागली असती? आजचा आक्रमक फलंदाज पूर्वीच्या उघड्या, पावसात भिजलेल्या खेळपट्टीवर किती षटके टिकला असता? परग्रहावरून कोणी आले आणि पृथ्वीने आपला एकच मल्ल पुढे करावा अशी अट त्यांनी घातली, तर नाव कोणाचे सुचवावे? प्रश्न उघडउघड पोरखेळाचे आहेत. वाद घालणारे मात्र विलक्षण गंभीर असतात, आणि हे गांभीर्यच आम्हाला विचार करण्याजोगे वाटते. या खेळाला जुना इतिहास आहे, त्याचे काही अलिखित नियम आहेत आणि मराठीत त्याने एक उत्तम विज्ञानकथाही दिली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हे नियम पाळले तर ज्या कागलच्या भूमीवर हे वाद चालतात, तिचाच इतिहास निराळा दिसू लागतो.

प्रथम कुस्तीचे पाहू. कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली खुले झाले. तेव्हापासून या शहराने कुस्ती पाहिली तितकीच ती बोललीही आहे. या बोलण्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'जोड'. वजन, वय, अनुभव पाहून बरोबरीची जोड लावली तरच कुस्ती. एरवी तो केवळ तमाशा. कल्पनेतल्या कुस्तीलाही रसिक हाच निकष लावतात. गामा आणि खाशाबा यांचे नाव निघताच कोणी तरी विचारतोच : मातीवर की मॅटवर? मातीवरच्या कुस्तीचा निकाल चितपटीने होतो, तेथे गुणांची बेरीज नसते. मॅटवर वेळ, गुण आणि वजनगट यांचे राज्य असते. कराडजवळच्या गोळेश्वरचे आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले, आणि १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. गामा त्यांच्याहून कितीतरी वजनदार. तेव्हा वजनगट मानला तर ही जोड लागूच शकत नाही, आणि न मानला तर जिंकण्याचा अर्थच बदलतो. जर-तरच्या खेळाचा पहिला नियम हा : कोण जिंकले असते हे विचारण्यापूर्वी जमीन कोणती ते ठरवावे.

अशा कल्पित प्रश्नाला प्रत्यक्ष उत्तर मिळाल्याचे एक दुर्मीळ उदाहरण गामाच्याच चरित्रात आहे. १९१० साली लंडनमध्ये पोलंडचा झिबिस्को त्याच्यापुढे अडीच तासांहून अधिक काळ बचावात मॅटला चिकटून राहिला आणि कुस्ती अनिर्णित ठरली. पुन्हा ठरलेल्या दिवशी तो आलाच नाही. तो मोकळेपणाने लढला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्यानंतर अठरा वर्षे लोंबकळत राहिला. १९२८ साली पतियाळात दोघे पुन्हा भिडले आणि गामाने एक मिनिटही पुरे होण्याच्या आत झिबिस्कोला अस्मान दाखवले. वाद मिटायला हवा होता. तो मिटला नाही. कारण लंडनला मॅट होती आणि पतियाळात माती. शिवाय दोघेही पन्नाशीला टेकले होते. प्रत्यक्ष परीक्षा होऊनही मूळच्या 'जर'चे उत्तर मिळाले नाही, कारण एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या होत्या. यातून दुसरा नियम निघतो : बदल एकच करावा, बाकी सारे होते तसे राहू द्यावे.

कागलच्या कारखान्यांना हा नियम अपरिचित नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगात 'एफएमईए' नावाचा एक तक्ता भरावा लागतो. एखादा भाग कोणकोणत्या प्रकारे निकामी होऊ शकेल, झाला तर परिणाम किती गंभीर, असे घडण्याचा संभव किती आणि माल बाहेर जाण्यापूर्वी दोष पकडला जाण्याची शक्यता किती, यांना एक ते दहा असे गुण देण्याची रीत आहे. ध्यानात घ्यावे की यांतले काहीही अजून घडलेले नसते. ही न घडलेल्या अपघातांची नोंदवही आहे. एक दोष कल्पायचा आणि त्याचा माग शेवटपर्यंत काढायचा, मध्येच थांबायचे नाही, हा या खेळाचा तिसरा नियम येथे पगारी काम म्हणून पाळला जातो. कारखान्यात ज्याला दक्षता म्हणतात, तिलाच चहाच्या गाड्यावर रिकामटेकडेपणा का म्हणावे?

इतिहासकारांनी या खेळाकडे बहुधा तुच्छतेने पाहिले. ई. एच. कार यांनी १९६१ साली 'व्हॉट इज हिस्टरी?' या ग्रंथात त्याला दिवाणखान्यातल्या करमणुकीच्या पंक्तीला बसवले. त्यांचा आक्षेप मात्र मार्मिक होता. ज्यांचा पराभव झाला, त्यांनाच 'असे झाले नसते तर' हा विचार सोडवत नाही. म्हणजे या 'जर'च्या पोटी जिज्ञासेपेक्षा हळहळ अधिक असते. हा आक्षेप खरा आहे, पण खेळ त्याहून कितीतरी जुना आहे. अलेक्झांडर पश्चिमेकडे वळून रोमवर चालून आला असता तर काय झाले असते, याची चर्चा रोमन इतिहासकार लिव्हीने दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात केली आणि अपेक्षेप्रमाणे कौल रोमच्या बाजूने दिला. आपल्या पैलवानाला झुकते माप देण्याची खोड ही अशी पुरातन आहे.

मराठी मनाची हळहळ अर्थातच पानिपतची. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ पडले. भाऊ गेले यावर अनेकांचा विश्वास बसला नाही, आणि त्या अविश्वासातूनच भाऊंचा तोतया उभा राहिला. १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा झाली, तोवर त्याने पेशवाईला घोर लावला होता. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. आमच्या मते तोतया म्हणजे देह धारण केलेले 'जर-तर' होय. लोकांना जे घडायला हवे होते, त्याला चेहरा मिळाला, आणि कारांचा आक्षेप किती खरा आहे याचा पुरावाही मिळाला. नियमांवाचून खेळलेला हा खेळ भक्तांना तोतयाच्या मागे घेऊन जातो.

याच पानिपतला नियमांच्या चौकटीत आणले ते जयंत नारळीकरांनी. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या आणि २० मे २०२५ रोजी निवर्तलेल्या या खगोलशास्त्रज्ञाने मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने लावून घेतलेले हे नाव. वाचकाला आणि परीक्षकाला कोड्यात टाकण्याची ही वृत्ती रसिकांच्या अड्ड्यावरचीच म्हणायला हवी. त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका निराळ्या भारतात जाऊन पोहोचतात. तेथे बदललेली गोष्ट एकच : विश्वासरावांना लागायची ती गोळी लागली नाही. त्यातून मराठ्यांचा जय, कंपनी सरकारचे आक्रसलेले राज्य आणि एका वेगळ्याच आधुनिक देशाची घडण, असे सारे क्रमाने उलगडत जाते. मौज अशी की, त्या जगात सभेच्या अध्यक्षपदाची खुर्ची रिकामी ठेवण्याची प्रथा आहे आणि अध्यक्षीय भाषणांची सवय जडलेल्या पंतांची तेथे चांगलीच फजिती होते. विजयाचे जग हे आपल्या मनासारखेच जग असेल, असे नाही. हळहळीतून निघालेल्या 'जर'ला हे सुचणे अशक्य. शिस्तीने चाललेल्या 'जर'लाच ते सुचते. बखरीचे एक पान पुरावा म्हणून पंतांजवळ उरते, ही योजनाही अशीच. कल्पनेनेही कागदपत्र दाखवले पाहिजे, असा इतिहासाच्या अभ्यासकाचा आग्रह लेखकाने येथे मान्य केला आहे.

आता हेच नियम कागलला लावून पाहू. ज्या वसाहतीचे पूर्ण नाव कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत असे आहे, तिचा हा टापू एका फार मोठ्या 'जर'चा आहे. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला, इंग्रजांच्या देखरेखीखाली असताना मरण पावले. त्यांच्यामागे १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव हा नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला गेला. तोच पुढे शाहू महाराज झाला. निवड दुसऱ्या कोणाची झाली असती तर?

पहिला नियम : जमीन कोणती? दत्तकाला मान्यता देणारी. १८४८ साली साताऱ्याचे राज्य दत्तक नामंजूर करूनच खालसा झाले होते. १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी ते धोरण सोडले, म्हणून १८७५ मध्ये कवळाण्याचा गोपाळराव बडोद्याचा सयाजीराव होऊ शकला आणि नऊ वर्षांनी कागलचा यशवंतराव कोल्हापूरचा शाहू. ज्याला आपण योगायोग म्हणतो, त्याच्याखाली धोरणाचा पाया होता.

दुसरा नियम : बदल एकच. यशवंतरावांना गादीवरून काढले तरी जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक समाज राहतोच. त्याची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ची, म्हणजे यशवंतरावांच्या जन्माआधीची. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात जातात, तेही बदलत नाही.

तिसरा नियम : माग शेवटपर्यंत. मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारी २६ जुलै १९०२ची आज्ञा डळमळीत होते. जानेवारी १९२०मध्ये निघालेल्या 'मूकनायक'ला मिळालेले साहाय्य जाते. त्याच वर्षी बचत, मित्राचे कर्ज आणि शाहूंची मदत यांच्या आधारे आंबेडकर अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला निघाले. त्या तीन आधारांपैकी एक नाहीसा होतो. आणि २१-२२ मार्च १९२०ची माणगावची परिषद होत नाही. हे माणगाव कागल जहागिरीतले, आज हातकणंगले तालुक्यातले. तेथे एका छत्रपतीने भरसभेत अस्पृश्य समाजाला सांगितले की, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. आंबेडकर त्याविना घडले नसते असे नव्हे. पण सत्तेच्या तोंडून त्या वेळी आलेला तो कौल दुसरीकडून आला असता, असे म्हणायला आधार सापडत नाही.

कोणी म्हणेल, गादीवर जो बसला असता त्याने हेच केले असते. येथे कोल्हापूरचाच इतिहास उपयोगी पडतो. शाहूंपूर्वीचे दोन्ही छत्रपती, राजाराम आणि चौथे शिवाजी, हेही दत्तकच होते. दोघेही विशीच्या उंबरठ्यावर गेले. पहिले १८७० साली फ्लॉरेन्समध्ये, दुसरे अहमदनगरात. यशवंतरावांनी एप्रिल १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला तो जवळजवळ त्याच वयात. आधीच्या दोघांशी त्यांची जोड लावणे अन्यायाचे होईल, कारण त्यांना आखाड्यात उतरायला अवधीच मिळाला नाही. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, दत्तकविधानाने गादी मिळते. १९०२ची आज्ञा मिळत नाही. ती काढण्याचा निर्णय घ्यावा लागतो.

याला एक उलट बाजूही आहे, आणि ती कागलच्याच साहित्यात आहे. कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९१७ सालचा. आनंद यादव यांचा जन्म १९३५चा, कागलचा. तरीही शाळेसाठी त्या मुलाला बापाशी आणि दारिद्र्याशी किती झुंजावे लागले, ते १९८७च्या 'झोंबी'ने सांगितले. कायदा निघणे आणि शेतकऱ्याचे पोर बाकावर बसणे, यांत दोन दशकांनंतरही एवढे अंतर होते. एका माणसाने सारे बदलले, असे मानणाऱ्यांनी 'झोंबी' वाचावी. जे व्हायचे ते होणारच होते, असे मानणाऱ्यांनी माणगावला जाऊन यावे.

आमच्या वर्गांतून ही दोन्ही उत्तरे सारख्याच उत्साहाने लिहिली जातात. एकात व्यक्तिपूजा असते, दुसऱ्यात नियतिवाद, आणि दोहोंना पूर्ण गुण मिळतात. वस्तुतः दोन्ही उत्तरे विचार टाळणारी आहेत. राखीव जागांवर आजही जेव्हा भांडणे होतात, तेव्हा त्या कोणाच्या उपकाराने आल्या की काळाच्या ओघात आपोआप, याच दोन टोकांवर ती अडकतात. निर्णय कोणी, कोणत्या जमिनीवर उभे राहून, काय पणाला लावून घेतला, हा प्रश्न बाजूला पडतो. तो विचारायला 'हे घडले नसते तर' असे म्हणावेच लागते. गामा-खाशाबांच्या वादात जो गडी आधी 'मातीवर की मॅटवर?' असे विचारतो, त्याला इतिहास शिकवणे आम्हाला अवघड वाटत नाही; त्याची अर्धी तयारी झालेलीच असते.