अहमदनगरच्या किल्ल्या आणि मलिक अंबर



बाजारात गुलाम म्हणून विकला गेलेला एक माणूस मुघल बादशाहीला पंचवीस वर्षे पुरून उरला, हे आपल्या पोरांना फारसं कोणी सांगत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

मलिक अंबर मूळचा हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. जन्म सुमारे १५४८ चा. लहानपणीच विकला गेला आणि या हातातून त्या हातात फिरत दख्खनमध्ये आला. इथे निजामशाहीचा दिवाण चंगीझखान याने त्याला विकत घेतले.

१५९६ साली वऱ्हाड मुघलांकडे गेले. १६०० साली चांदबिबी मारली गेली आणि अकबराच्या फौजेने अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) घेतले. राजधानी गेली, पण मुलूख गेला नव्हता. अंबरने निजामशाही घराण्यातल्या मुर्तजाला गादीवर बसवले, मराठा स्वार जमवले. रसद तोडायची, रात्री छापा घालायचा अन् पसार व्हायचं, अशी त्याची लढाई. १६१० च्या सुमारास त्याने अहमदनगर परत मिळवले.

बादशहा जहांगीर इतका चिडला, की अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतानाचे स्वतःचे चित्र त्याने काढून घेतले. खरं मुंडकं मात्र कधी हाती लागलं नाही.

अशा लढायांना पैसा लागतो. सरदारांनी स्वार बाळगावेत म्हणून बादशहा त्यांना जहागिरी देई. आपल्या वर्धा जिल्ह्यातले आष्टी असेच महंमदखान नियाझी या मुघल सरदाराकडे होते. त्याची कबर आजही तिथे आहे.

१६१६ साली मुघलांनी जालन्याजवळ रोशनगावला अंबरचा पराभव केला आणि त्याने वसवलेले खडकी जाळले. १६१७ साली शहजादा खुर्रम मोठ्या फौजेनिशी बऱ्हाणपूरला आला. विजापूरच्या आदिलशहाने मध्यस्थी केली आणि अहमदनगरच्या किल्ल्या मुघलांना मिळाल्या. खुर्रमला शाहजहान हा किताब मिळाला.

आम्ही गिरणीतली माणसं. गेटची किल्ली मालकाकडे असली, तरी माग चालतो तो कामगाराच्या हातानं, हे आम्हाला ठाऊक आहे. मुघलांकडे किल्ल्या होत्या. रानातली माणसं अंबरच्या बाजूला होती. १६२० साली तो पुन्हा उठला. १६२४ साली भातवडीला त्याने मुघल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. १६२६ साली तो वारला, तोवर मुघलांना तो काही पकडता आला नाही. जळालेले खडकी पुन्हा उभे राहिले. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर.

पोरांना घेऊन आष्टीला गेलात, तर ती कबर दाखवा. आणि तिथेच त्यांना मलिक अंबरचीही गोष्ट सांगा.