जगदीशचंद्र बोस यांचे १९०४ चे पेटंट

जगदीशचंद्र बोस यांनी आपल्या शोधांचे पेटंट कधीच घेतले नाही, ही समजूत यथार्थ नव्हे. अमेरिकेच्या पेटंट कचेरीने २९ मार्च १९०४ रोजी त्यांना ७,५५,८४० या क्रमांकाचे पेटंट दिले. त्याचा अर्ज ३० सप्टेंबर १९०१ रोजी दाखल झाला होता आणि निम्मा हक्क सारा चॅपमन बुल यांच्या नावे होता. श्रीमती बुल व भगिनी निवेदिता यांच्या आग्रहावाचून हा अर्ज झाला नसता, असे मानावयास जागा आहे. कारण त्याच वर्षीच्या मे महिन्यात बोसांचा कल अगदी उलट होता. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानाच्या सुमारास एका तारायंत्र कंपनीचा धनाढ्य मालक पेटंटाचा कागद घेऊन त्यांच्याकडे आला व व्याख्यानात सर्व काही उघड करू नये म्हणून विनवू लागला. हा प्रसंग बोसांनी उद्वेगाने रवींद्रनाथांना कळविला आहे.

पेटंटाचा विषय विद्युल्लहरींचा शोधक हा होय. तत्पूर्वीच्या कोहिअररमधील धातूचा कीस प्रत्येक संदेशानंतर ठोका देऊन मोकळा करावा लागे. बोसांच्या गॅलेना-स्फटिकाचा स्पर्शबिंदू आपोआप पूर्वस्थितीला येई. स्फटिकाचा एकदिश वाहकपणा ब्राउन यांनी १८७४ मध्येच दाखविला होता. परंतु रेडिओलहरींसाठी अर्धवाहक स्फटिक वापरण्याचा अग्रमान ब्रॅटन व पिअर्सन यांनी १९५५ मध्ये बोसांनाच दिला. पिकार्ड यांचे सिलिकॉन-शोधकाचे पेटंट नोव्हेंबर १९०६ चे, म्हणजे नंतरचे आहे.

आता मुख्य प्रश्न. बोसांनी हे पेटंट ‘रद्द होऊ दिले’, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात वारंवार आढळते. हे विधान कायद्याच्या कसोटीस उतरत नाही. अमेरिकेत त्या काळी पेटंटाची मुदत १७ वर्षे असे व ते चालू ठेवण्यासाठी कोणतीही फी भरावी लागत नसे. तशी फी १९८० च्या कायद्याने आली. तेव्हा फी न भरल्यामुळे हक्क बुडण्याचा संभवच नव्हता. बोसांनी त्या हक्काचा उपयोग केला नाही, एवढेच म्हणता येते. आणि ती विरक्ती हक्क हाती असतानाची असल्यामुळे अधिकच लक्षणीय ठरते. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी कलकत्त्यास आपल्या संशोधनमंदिराचे उद्घाटन करताना येथील शोधांची पेटंटे घेतली जाणार नाहीत, असे त्यांनी जाहीर केले. त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या पेटंटाची तीन वर्षांहून अधिक मुदत शिल्लक होती.