दाराबाहेर ठेवलेलं ताट

आज समुद्रावरची गोष्ट आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींनी समुद्र पाहिलाही नसेल, पण करोनाचे दिवस आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. दाराला लावलेल्या कड्या, शाळेत ठेवलेली माणसं आणि गावच्या वेशीवर आडवी टाकलेली लाकडं आपल्याला आठवतात. यातलं काहीच आपल्याकडे सुरू झालेलं नव्हतं, तेव्हा जपानच्या किनाऱ्यावर एका जहाजात हे सगळं घडून गेलं होतं. त्या जहाजाचं नाव डायमंड प्रिन्सेस.

हे मालवाहू जहाज नव्हे, तर सहलीचं. अशा जहाजाला क्रूझ म्हणतात. पाण्यावर तरंगणारं एक गावच समजा. लांबी २९० मीटर. आत खोल्या, जेवणाचे मोठे हॉल, नाटकगृह, पोहण्याचे तलाव, दुकानं. जानेवारी २०२० मध्ये ते जपानच्या योकोहामा बंदरातून निघालं आणि हाँगकाँग, व्हिएतनाम, तैवान करत फेब्रुवारीत परत आलं. तेव्हा जहाजावर ३,७११ माणसं होती. त्यात २,६६६ प्रवासी आणि १,०४५ कर्मचारी. प्रवाशांत म्हातारी माणसं पुष्कळ होती. नोकरीतून निवृत्त झाल्यावर, हातात चार पैसे साठल्यावर जग बघायला निघालेली.

त्यांच्यातला ८० वर्षांचा एक प्रवासी २५ जानेवारीला हाँगकाँगला उतरून आपल्या घरी गेला. १ फेब्रुवारीला त्याला करोना झाल्याचं निदान झालं. ही बातमी जहाजावर पोहोचली, पण जेवणाचे हॉल आणि करमणुकीचे कार्यक्रम ४ तारखेपर्यंत चालूच राहिले. ३ तारखेला रात्री जहाज योकोहामाला आलं, तेव्हा जपान सरकारने कुणालाही उतरू दिलं नाही. ५ तारखेला पहिल्या तपासण्यांचे निकाल आले. दहा जणांना लागण झाली होती. त्या दिवसापासून प्रवाशांना हुकूम झाला, की चौदा दिवस आपापल्या खोलीतच राहायचं.

आता जरा मागे जाऊ, कारण जहाज अडवून ठेवण्याची ही रीत फार जुनी आहे. आज क्रोएशिया देशात दुब्रोवनिक नावाचं शहर आहे. पूर्वी त्याला रगुसा म्हणत. तिथे १३७७ साली एक कायदा झाला. प्लेग असलेल्या मुलखातून येणाऱ्यांनी आधी बाहेर एका बेटावर किंवा शेजारच्या गावात तीस दिवस काढायचे, मगच शहरात पाऊल टाकायचं. पुढे तीसचे चाळीस दिवस झाले. इटालियन भाषेत चाळीसला 'क्वारांता' म्हणतात. त्यावरून आला 'क्वारंटाइन' हा शब्द. करोनात आपल्या गावातली शेंबडी पोरंसुद्धा हा शब्द बोलायला लागली होती, तो असा सहाशे वर्षांपूर्वीच्या बंदरांतून आला आहे. व्हेनिस शहराने तर १४२३ साली एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचा दवाखानाच बांधला.

या रीतीत शहाणपण होतं. पण एक फट राहिली होती. बेटावर अडकायची ती माणसं. प्लेग मात्र उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो, आणि उंदराला कसला आलाय हुकूम? जहाज बांधलेल्या दोरावरून तो रात्री सरळ धक्क्यावर उतरायचा. हे कळायला पुढे शेकडो वर्षं गेली. आजही बंदरात जहाजाच्या दोरांना पत्र्याच्या गोल चकत्या अडकवतात, त्या उंदराची वाट अडवायला.

ही दोरावरची वाट लक्षात ठेवा, आणि परत डायमंड प्रिन्सेसवर चला.

प्रवासी खोल्यांत बंद झाले. काहींच्या खोलीला छोटा सज्जा होता, तिथे ऊन आणि वारा मिळायचा. आतल्या बाजूच्या खोल्यांना खिडकीसुद्धा नव्हती. त्या लोकांना थोड्या थोड्या संख्येने, तोंडाला मास्क लावून, एकमेकांपासून लांब राहून उघड्यावर फिरवून आणत. बीपी-शुगरच्या गोळ्या संपत आल्या आणि औषधांच्या मागण्यांचा ढीग लागला. जहाजाचे कप्तान होते जेन्नारो आर्मा नावाचे इटालियन गृहस्थ. ते कर्ण्यावरून रोज सगळ्यांशी बोलायचे. काय झालं, किती जण आजारी पडले, पुढे काय होणार हे सांगायचे आणि धीर द्यायचे.

पण मैत्रिणींनो, तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. सगळे दार लावून बसले, तर स्वयंपाक कोण करत होतं?

एक हजार कर्मचारी करत होते. अडीच हजारांहून जास्त प्रवासी आणि दिवसातून तीन वेळचं खाणं. म्हणजे रोज आठ हजारांच्या आसपास ताटं. ती भरायची, ढकलगाडीवर ठेवायची, लांबच लांब बोळातून न्यायची, दारोदार द्यायची, मग उष्टी भांडी गोळा करायची. ही माणसं राहत होती खालच्या मजल्यांवर, एकेका छोट्या खोलीत दोघं दोघं. न्हाणीघर सामाईक आणि जेवण एकाच हॉलमध्ये. प्रवाशांसाठी चौदा दिवसांचं विलगीकरण होतं, पण या लोकांना ते लागूच नव्हतं. त्यांना वेगळं ठेवलं असतं तर जहाज चाललं नसतं.

मग व्हायचं तेच झालं. जपानी आरोग्य खात्याच्या शास्त्रज्ञांनी ९ फेब्रुवारीपर्यंतचा हिशेब मांडला. तोवर लागण झालेले कर्मचारी होते वीस. त्यातले पंधरा स्वयंपाकघरात आणि जेवण वाढण्याच्या कामातले. वीसपैकी सोळा जणांच्या खोल्या एकाच मजल्यावर, तिसऱ्या. त्याच मजल्यावर जेवणखात्यातली माणसं राहायची. दारं बंद होती, पण आजाराला बोळ मोकळा होता. जुन्या बंदरात जशी दोराची वाट उघडी राहिली, तशी इथे ताट नेणाऱ्या हातांची वाट उघडी राहिली.

यात त्या हातांचा दोष नाही. दिलं ते काम त्यांनी केलं. त्यांचा विचार नियमातच झाला नव्हता. १८ फेब्रुवारीला कोबे विद्यापीठाचे साथरोगतज्ज्ञ डॉ. केंतारो इवाता जहाजावर गेले. सुरक्षित जागा कोणती आणि धोक्याची कोणती याची नीट विभागणीच तिथे नाही, असं त्यांनी उघड सांगितलं. सरकारने ते पूर्णपणे मान्य केलं नाही. वाद बराच झाला.

शेवटचा आकडा ऐका. ३,७११ पैकी ७१२ जणांना लागण झाली, म्हणजे साधारण पाच माणसांमागे एकाला. किमान तेरा जण दगावले. आणि एक गोष्ट अशी पुढे आली जी तोवर कुणाला नीट ठाऊक नव्हती. तपासणीच्या वेळी यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना ना ताप होता, ना खोकला. माणूस धडधाकट दिसतो आणि तरी त्याच्या अंगात आजार असतो, हे जगाला पटलं त्यात या जहाजाचा मोठा वाटा आहे. पुढे आपल्याला 'काही होत नसलं तरी मास्क लावा' असं सांगत होते, त्याचं एक मूळ इथे आहे.

मग लोकांना खोल्यांत कोंडलं हे चूक की बरोबर? स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचं गणित मांडलं. त्यांच्या अंदाजाने काहीच उपाय केला नसता, तर २,९२० जणांना लागण झाली असती. म्हणजे कोंडण्याचा उपयोग झाला. पण ३ फेब्रुवारीलाच सगळ्यांना जहाजावरून उतरवून नीट वेगळं ठेवलं असतं, तर आकडा ७६ च्या आसपास थांबला असता. थांबवणं बरोबर होतं, थांबवण्याची जागा चुकीची होती, असा त्याचा अर्थ.

बोलायला हे सोपं आहे. तीन हजार सातशे माणसं उतरवून ठेवायची कुठे? आणि भीती तर सगळ्यांनाच होती. त्याच महिन्यात वेस्टरडॅम नावाच्या दुसऱ्या जहाजाला जपान, तैवान, ग्वाम, फिलिपिन्स आणि थायलंड, अशा पाच ठिकाणी बंदरात येऊ दिलं नाही. जहाजावर साथ होती का? नव्हती. नुसता संशय होता. शेवटी कंबोडियासारख्या गरीब देशाने त्याला १३ फेब्रुवारीला जागा दिली.

याच्या उलट मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात घडलं. सिडनी बंदरात १९ मार्चला रुबी प्रिन्सेस जहाज आलं. आजारी माणसं असूनही तपासणीचे निकाल यायच्या आधीच सुमारे २,६५० प्रवाशांना उतरू दिलं आणि ते आपापल्या घरी पांगले. त्या जहाजाशी जोडलेले २८ मृत्यू पुढे नोंदले गेले. चौकशी झाली आणि आरोग्य अधिकाऱ्यांकडून गंभीर चुका झाल्या, असा अहवाल आला. कुठे नुसत्या भीतीपोटी दार लावलं, तर कुठे न बघताच उघडलं.

आता आपल्या माणसांकडे येऊ. डायमंड प्रिन्सेसवर १३८ भारतीय होते. त्यातले प्रवासी फक्त सहा. बाकीचे १३२ कर्मचारी, म्हणजे ताट नेणाऱ्यांच्या बाजूचे. काहींनी मोबाइलवर व्हिडिओ करून मदत मागितली, आम्हाला वेगळं ठेवा, घरी न्या म्हणून. सोळा जणांना लागण झाली आणि त्यांच्यावर जपानमध्येच उपचार झाले. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने ११९ जण दिल्लीला पोहोचले आणि हरियाणात मानेसरला लष्कराच्या छावणीत चौदा दिवस राहिले. कप्तान आर्मा १ मार्चला सगळ्यात शेवटी जहाजावरून उतरले.

गोव्यातली, कोकणातली, मुंबईतली कितीतरी पोरं अशा जहाजांवर कामाला असतात. कुणी खानसामा, कुणी खोल्या आवरणारा, कुणी इंजिनात. महिनोन्महिने घराबाहेर राहून ती घरी पैसे धाडतात. टाळेबंदी लागली तेव्हा ती समुद्रातच अडकली. एप्रिल २०२० मध्ये मरेला डिस्कव्हरी हे जहाज मुंबईसमोर येऊन थांबलं होतं. त्यावर १४६ भारतीय कर्मचारी. किनारा समोर दिसत होता, पण उतरायची परवानगी नव्हती. केंद्र सरकारने खलाशांना उतरवण्याचे नियम काढले, मग २३ एप्रिलला ते उतरले. तोवर घरच्या बायकांनी फोनकडे बघत दिवस काढले.

मुंबई बंदराला ही गोष्ट नवी नव्हती. १८९६ साली तिथे प्लेग आला. तो हाँगकाँगकडून जहाजांबरोबर आला असं मानतात. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात तो पहिल्यांदा ओळखला. १८९७ च्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. २०२० मध्ये आपल्याकडे लागू झाला, तो हाच कायदा. आणि कायदा झाल्यावर साधारण महिन्याभराने, १० मार्च १८९७ ला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर प्लेगचा दवाखाना काढला होता. आजारी मुलाला उचलून तिथे नेताना त्यांना लागण झाली. कायद्याला रोग्याला गावाबाहेर काढता येतं. पण त्याला उचलून न्यायला कुणीतरी लागतंच.

म्हणून ही समुद्रापलीकडची गोष्ट आज सांगितली. साथ पुन्हा येईल. कधी गॅस्ट्रोची, कधी डेंग्यूची, कधी आणखी कसली. तेव्हा गावात बैठक होईल, कुणाला कुठे ठेवायचं ते ठरेल. त्या बैठकीत तुम्ही बसा आणि तीन गोष्टी विचारा. हा आजार कोणत्या वाटेने जातो: पाण्यातून, हवेतून की डासातून? कारण वाट अडवायची असते, नुसती माणसं अडवून भागत नाही. दुसरं, वेगळ्या ठेवलेल्या माणसाला जेवण, पाणी, औषध कोण देणार? आणि तिसरं, जी देणार तिच्यासाठी काय सोय? आशाताई असो, अंगणवाडीची मदतनीस असो की घरातली सून, तिला मास्क, साबण, विसावा आणि आजारी पडली तर तिच्याऐवजी दुसरी बाई, हे आधीच ठरलंय का?

गटाच्या येत्या बैठकीत यावर बोला. करोनात तुमच्या गावात विलगीकरणातल्या लोकांना डबे कुणी पोहोचवले, त्यांची नावं आठवा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. जहाजावरच्या त्या आठ हजार ताटांमागची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या गावची तरी राहू द्या.