कविता कोण दुरुस्त करणार? उर्दू काव्यपरंपरेतील कार्यशाळेच्या तीन पद्धती

प्रस्तावना

महाविद्यालयात भरणारी कवितालेखनाची कार्यशाळा ही पाश्चात्त्य विद्यापीठांकडून आलेली अगदी अलीकडची गोष्ट आहे, असा सर्वसाधारण समज आहे. 'कार्यशाळा' हा शब्द नवा आहे हे खरे. पण कवींनी एकत्र बसणे, दिलेल्या अटीवर लिहिणे आणि लिहिलेले दुसऱ्याकडून तपासून घेणे हा व्यवहार आपल्या देशात जुना आहे. प्रस्तुत टिपणात उर्दू कवितेच्या इतिहासातील अशा तीन पद्धती पाहायच्या आहेत. त्या पाहताना एक प्रश्न समोर ठेवावा: विषय किंवा अट कोण ठरवतो आणि चूक कोण दाखवतो? कारण कविता कशी घडते हे बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

१. उस्ताद आणि शागीर्द

उर्दू कवी होऊ इच्छिणारा तरुण प्रथम एखाद्या मान्यवर कवीचा शागीर्द होत असे. तो आपली गझल उस्तादाला दाखवी. उस्ताद शब्द बदले, वृत्तातील दोष काढी, शेराच्या दोन ओळींचा एकमेकींशी मेळ बसतो की नाही ते पाही. या दुरुस्तीला 'इस्लाह' म्हणत. बादशहालाही यातून सूट नव्हती. बहादूरशाह जफरचे उस्ताद जौक होते. 1854 मध्ये जौक यांचे निधन झाल्यावर हे काम गालिब यांच्याकडे आले.

शिकलेल्याची परीक्षा मुशायऱ्यात होई. तरही मुशायऱ्यात एक ओळ आधी जाहीर केली जाई आणि सर्वांनी त्याच वृत्तात, त्याच यमकांवर गझल रचून आणायची असे. अट एकच असल्यामुळे कोण किती पाण्यात आहे हे श्रोत्यांना लगेच कळे.

इस्लाह टपालानेही चाले. सिकंदराबादचे (बुलंदशहराजवळचे) मुन्शी हरगोपाल तफ्ता हे गालिब यांचे आवडते शागीर्द. ते प्रामुख्याने फारसीत लिहीत. त्यांना लिहिलेल्या पत्रांत गालिब अमुक शब्द का चालणार नाही, याची कारणे देतात. समोरासमोर बसलेला उस्ताद नुसती ओळ खोडून मोकळा होऊ शकतो. दूरच्या शागिर्दाला मात्र खोडण्याचे कारण लिहून कळवावे लागते. पुढे हैदराबादच्या निजामाचे उस्ताद असलेल्या दाग देहलवी यांच्याकडे तरुण इक्बाल पंजाबातून आपल्या गझला टपालाने पाठवत असत.

या पद्धतीत भाषेची तालीम कसून होई. मात्र अंतिम शब्द उस्तादाचा असे.

२. अंजुमन-ए-पंजाब : विषय देणारी सभा

1857 च्या उठावानंतर दिल्लीची ही व्यवस्था मोडली. मुहम्मद हुसेन आझाद यांचे वडील मौलवी मुहम्मद बाकर 'दिल्ली उर्दू अखबार'चे संपादक होते. इंग्रजांनी त्यांना मृत्युदंड दिला. आझाद भटकत अखेर लाहोरला पोहोचले आणि तेथे शिक्षण खात्यात लागले. गालिब यांच्या सहवासात राहिलेले अल्ताफ हुसेन हालीही लाहोरला आले. सरकारी ग्रंथ विभागात इंग्रजीतून झालेल्या अनुवादांची उर्दू सुधारणे हे त्यांचे काम होते.

लाहोरमध्ये 1865 साली स्थापन झालेल्या 'अंजुमन-ए-पंजाब' या संस्थेने 1874 मध्ये नव्या प्रकारचे मुशायरे सुरू केले. पंजाबच्या शिक्षण खात्याचे प्रमुख कर्नल हॉलरॉइड यांचा त्यांना पाठिंबा होता. येथे ओळ दिली जात नसे, विषय दिला जाई: पाऊस, हिवाळा, आशा, देशप्रेम, शांतता, न्याय. कवींनी त्यावर गझल न लिहिता एकाच विषयावरची सलग कविता, म्हणजे नज्म, लिहायची. शाळांत शिकवता येईल अशी कविता मिळावी, हाही त्यामागचा हेतू होता. हालींनी येथे चार नज्म वाचल्या. त्यांतील पावसावरची 'बरखा रुत' प्रसिद्ध आहे.

हे मुशायरे फार काळ टिकले नाहीत, पण परिणाम मोठा झाला. नज्मला प्रतिष्ठा मिळाली. हालींनी पुढे 1893 मध्ये 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' लिहून जुन्या कवितेची कठोर चिकित्सा केली. तरीही विषयांची यादी पुन्हा वाचावी. आझाद यांनी वडील आणि शहर दोन्ही गमावले होते, पण 1857 मध्ये दिल्लीचे काय झाले हा विषय त्या यादीत नव्हता. तो असणे शक्यही नव्हते. विषय देणारा माणूस न दिलेले विषयही ठरवत असतो.

३. हल्का-ए-अरबाब-ए-जौक : चर्चेचे वर्तुळ

29 एप्रिल 1939 रोजी लाहोरमध्येच काही मित्रांनी कथावाचनासाठी एक मंडळ सुरू केले. लवकरच त्याचे नाव 'हल्का-ए-अरबाब-ए-जौक', म्हणजे रसिकांचे वर्तुळ, असे झाले. 1940 मध्ये कवी मीराजी त्यात आले आणि वाचनानंतरच्या चर्चेला महत्त्व मिळाले. दर आठवड्याला बैठक होई. एकाने रचना वाचायची, बाकीच्यांनी तिच्यावर बोलायचे, आणि झालेल्या चर्चेचा वृत्तांत पुढच्या बैठकीत वाचायचा. ना ठरलेली ओळ, ना ठरलेला विषय.

मीराजींनी 'अदबी दुनिया' मासिकात एकेका नज्मचा अर्थ उलगडून दाखवणारे लेख लिहिले. ते 1944 मध्ये 'इस नज्म में' या नावाने पुस्तकरूपात आले. त्यांचा प्रश्न 'यात चूक काय?' एवढ्यावर थांबत नसे. 'ही कविता काय करू पाहते?' हे ते विचारत. अखेरच्या काळात मीराजी मुंबईत होते. तेथेच 1949 मध्ये त्यांचे निधन झाले. लाहोरमधले वर्तुळ मात्र फाळणीनंतरही चालू राहिले.

समारोप

उस्तादाने भाषेची शिस्त दिली, अंजुमनने कवितेला नवे विषय दिले आणि हल्क्याने कवीला बरोबरीचे वाचक दिले. पण शिस्तीबरोबर एकाचा अधिकार आला आणि विषयांबरोबर सत्तेची सोय आली. खुल्या चर्चेतही ज्याचा आवाज मोठा त्याचेच खरे ठरण्याचा धोका असतो. म्हणून कार्यशाळेत लिहायला बसताना किंवा स्वतः ती घेताना पाहावे, की येथे खोडणाऱ्याला कारण सांगावे लागते का, आणि यादीत नसलेला विषय कोणी आणला तर त्याला जागा मिळते का.

स्वाध्याय

1. तरही मुशायरा आणि अंजुमनचा मुशायरा यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
2. टपालाने होणाऱ्या इस्लाहमुळे शिकवण्याच्या रीतीत काय बदल झाला असावा?
3. आपल्या भाषेतील एखाद्या कविमंडळाची माहिती मिळवा. तेथे विषय कोण ठरवत असे आणि दोष कोण दाखवत असे, ते लिहा.