चित्रापुढे बोलण्याची रीत : अठराव्या शतकातील पॅरिस

कलाकृतीविषयी मत मांडण्याचा अधिकार सामान्य प्रेक्षकाला आहे की नाही, आणि असल्यास ते मत कोणत्या भाषेत मांडावे, हे दोन प्रश्न अठराव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये जितक्या कडवटपणे लढवले गेले तितके त्यापूर्वी क्वचितच लढवले गेले असतील. फ्रान्सच्या राजाच्या आश्रयाने १६४८ साली स्थापन झालेली चित्रकार व शिल्पकारांची अकादमी आपल्या सभासदांची कामे पूर्वी अधूनमधून प्रदर्शित करीत असे. १७३७ पासून मात्र ही प्रदर्शने लूव्र राजवाड्यातील ‘सलाँ कारे’ नावाच्या चौकोनी दालनात नियमाने भरू लागली आणि दालनाच्या नावावरून प्रदर्शनालाच ‘सलाँ’ म्हटले जाऊ लागले. प्रवेशाला पैसे पडत नसल्यामुळे उमराव, वकील, कारागीर आणि घरगडी एकाच गर्दीत मिसळून भिंतींवर उंचापर्यंत दाटीने टांगलेली चित्रे पाहत. चित्राजवळ केवळ क्रमांक असे. चित्रकाराचे नाव व विषय कळण्यासाठी छापील पुस्तिका विकत घ्यावी लागे, आणि तिच्यात चित्रकारांचा क्रम अकादमीतील त्यांच्या पदाप्रमाणे लावलेला असल्यामुळे कोणाला थोर मानायचे हे प्रेक्षकाने चित्र पाहण्याआधीच ठरलेले असे.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का १७४७ साली एका निनावी पुस्तिकेने दिला. तिचा लेखक ला फाँ द सँ-येन हा स्वतः चित्रकार नव्हता. त्याचे म्हणणे असे की, ग्रंथ छापला किंवा नाटक रंगभूमीवर आणले की ते ज्याप्रमाणे सर्वांच्या निर्णयाला खुले होते, त्याचप्रमाणे प्रदर्शनात मांडलेल्या चित्राविषयीही कोणीही बोलू शकतो; किंबहुना ज्याचा चित्रकारांशी स्नेह नाही आणि वैरही नाही, असा त्रयस्थ प्रेक्षकच अधिक भरवशाचा असतो. फ्रेंच चित्रकलेच्या ऱ्हासाचे खापर त्याने काही अंशी श्रीमंतांच्या घरांतील आरशांच्या वेडावर फोडले, कारण ज्या भिंतींवर पूर्वी इतिहास-पुराणांतील प्रसंगांची मोठी चित्रे लागत तेथे आता आरसे बसवले जात होते. राजाच्या संग्रहातील चित्रे लोकांना पाहता यावीत, ही त्याची मागणी तर काळाच्या पुढची होती, आणि १७५० साली लक्झेंबर्ग राजवाड्यात त्यांतील निवडक चित्रे खरोखरच लोकांसाठी मांडण्यात आली.

चित्रकारांना हा अपमान वाटला. आबे ल ब्लाँ याने अकादमीच्या बाजूने लिहिलेल्या उत्तराच्या मुखपृष्ठामागील चित्रासाठी फ्रांस्वा बूशे याने जी रचना केली, तिच्यात मत्सर, मूर्खपणा आणि मद्यपान ही तिघे मिळून चित्रकलादेवीची विटंबना करताना दाखवली आहेत. १७४९ साली सलाँ भरलेच नाही. अकादमीचा प्रमुख शार्ल-आंत्वान क्वापेल याचे उत्तर मात्र अधिक विचारी होते. त्याच्या मते दालनात एकाच दिवशी येणारे प्रेक्षक हा एक समूह नसून वेगवेगळ्या वृत्तींचे व वेगवेगळ्या तयारीचे वीसएक समूह असतात, आणि म्हणून ‘लोकांचे मत’ असे एकसंध काही सांगता येत नाही. हा आक्षेप बिनतोड होता. परंतु त्यातून प्रेक्षकाने गप्प बसावे असा निष्कर्ष निघत नव्हता, आणि क्वापेलची बाजू लंगडी पडते ती येथेच.

या वादाला खरी खोली आली ती देनी दिदरो या तत्त्वज्ञ लेखकामुळे. १७५९ पासून १७८१ पर्यंत त्याने नऊ सलाँचे वृत्तान्त लिहिले, ते ग्रिम नावाच्या मित्राच्या हस्तलिखित वार्तापत्रासाठी. हे पत्र छापले जात नसे. त्याच्या प्रती नकलून परदेशांतील मोजक्या वर्गणीदारांकडे, त्यांत रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिच्याकडेही, पाठवल्या जात. पॅरिसमधील चित्रकारांच्या हाती मजकूर पडण्याची शक्यता अल्प असल्यामुळे दिदरो वाटेल तितका कठोर होऊ शकत होता, आणि अनेकदा झालाही.

म्हणूनच १७६५च्या वृत्तान्ताच्या आरंभी त्याने झाँ-सिमेआँ शार्दँ या चित्रकाराचे जे मनोगत नोंदवले आहे, त्याचे मोल मोठे आहे. चित्रे भिंतीवर कोठे टांगायची हे ठरवण्याचे काम त्या काळी शार्दँकडे होते. टीकाकारांनी जरा सौम्य व्हावे, अशी त्याची विनवणी होती. सात-आठ वर्षांच्या वयात मुलाच्या हाती रेखाटनाचे साधन येते. मग नमुन्यांवरून डोळे, ओठ, नाक, कान, पुढे हात-पाय गिरवणे, त्यानंतर प्राचीन पुतळ्यांपुढे घालवलेली वर्षे आणि अखेरीस जिवंत माणसापुढचा अभ्यास, एवढे करूनही असंख्य जण वाटेतच हताश होऊन कुंचला टाकून देतात. तेव्हा दालनातील सर्वांत सामान्य चित्रदेखील अशा अनेकांना साधले नसते, हे बोलणाऱ्याने ध्यानात ठेवावे. या विनवणीत टीका नको असे कोठेही म्हटलेले नाही. टीकाकाराने चित्रामागील श्रम जाणून बोलावे, एवढेच तिचे मागणे आहे, आणि त्या काळातील कोणत्याही सैद्धांतिक ग्रंथापेक्षा कलाचर्चेच्या शिष्टाचाराचा गाभा येथे अधिक नेमका सापडतो.

दिदरोने हे मागणे सर्वत्र पाळले नाही. बूशेच्या विपुल कौशल्याची कबुली देऊनही त्याने १७६५ साली त्याच्या चित्रांतील दोषांचे मूळ चित्रकाराच्या नीतिभ्रष्टतेत शोधले. येथे व्यक्तिगत नावड नैतिक निर्णयाचा वेष घेऊन उभी राहते, आणि ती अन्यायकारक आहे. याउलट शार्दँच्या स्थिरचित्रांपुढे, म्हणजे फळे, भांडी, मासे अशा निर्जीव वस्तूंच्या चित्रांपुढे, त्याची दृष्टी विलक्षण प्रामाणिक राहिली. अकादमीच्या प्रतवारीत इतिहासचित्र सर्वांत वर आणि स्थिरचित्र सर्वांत खाली होते, तरीही जवळ गेल्यावर रंगाचे थर एकमेकांत मिसळून जातात व मागे सरकल्यावर वस्तू पुन्हा आकार घेते, हा अनुभव त्याने बारकाईने टिपला आणि प्रतवारीपेक्षा डोळ्यांना पटलेल्या गोष्टीला मान दिला. १७५७ साली डेव्हिड ह्यूमने अभिरुचीविषयीच्या निबंधात संवेदनेची सूक्ष्मता, सराव, तुलना व पूर्वग्रहमुक्ती हे जे जाणकाराचे गुण सांगितले, ते दिदरोला सलाँमध्ये वारंवार उभे राहून आणि चित्रकारांच्या सहवासात त्यांची परिभाषा शिकून कमवावे लागले.

क्रांतीनंतर १७९१ साली सलाँ अकादमीबाहेरच्या कलावंतांनाही खुले झाले, आणि १७६५चा वृत्तान्त १७९५ साली, शार्दँ व दिदरो या दोघांच्याही मृत्यूनंतर, प्रथम छापला गेला. पुढे १८४६च्या सलाँविषयी लिहिताना शार्ल बोदलेर याने तर समीक्षेने पक्षपाती व भावोत्कट असावे, अशी उघड भूमिका घेतली. दिदरोने बूशेविषयीची नावड नीतीच्या आड मांडली होती. बोदलेरने आपला कल आरंभीच जाहीर केल्यामुळे वाचकाला त्याच्या प्रत्येक निर्णयातून तो कल वजा करून चित्राकडे स्वतंत्रपणे पाहता येऊ लागले.