अदलाबदल, खेळाडूंची (ट्रेड)

व्यावसायिक लीगमधील दोन संघांनी करारातले खेळाडू एकमेकांना देण्याचा व्यवहार. बदल्यात खेळाडूच यावा असे नाही, नुसते पैसेही चालतात. मराठी वृत्तपत्रांत 'ट्रेड', 'अदलाबदल' आणि 'ट्रान्सफर' हे तिन्ही शब्द चालतात. 'बदली' हा सर्वांत सोपा शब्द राखीव खेळाडूसाठी आधीच अडकलेला आहे. दोन्हीकडून माणूस जाणार असेल तर 'साटंलोटं' हा बोलीतला शब्द नेमका बसतो, पण तो सोयरिकीचा असल्याने क्रीडापानावर जात नाही.

मूळ. ही पद्धत अमेरिकी लीगमधून आली. तिथल्या बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, खेळाडूची संमती सहसा लागत नाही. करारात तसे कलम असेल तरच तो नकार देऊ शकतो. अदलाबदलीत दोन्ही बाजूंच्या पगारांचा मेळ घालावा लागतो, म्हणून पुष्कळदा तिसरा संघ मध्ये घेतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन अँथनी डेव्हिस घेतला, तेव्हा युटा हा तिसरा संघ होता.

महाराष्ट्रातील बास्केटबॉल. यूबीए लीगमध्ये पुणे पेशवाज व मुंबई चॅलेंजर्स हे संघ होते. लीग टिकली नाही.

आयपीएलमधील रीत. महाराष्ट्राचा या विषयाशी खरा संबंध आयपीएलमुळे आला. हंगाम संपला की अदलाबदलीची 'विंडो' उघडते. ती लिलावाच्या आठवडाभर आधी बंद होते आणि लिलावानंतर पुन्हा उघडते. मात्र त्याच लिलावात घेतलेला खेळाडू त्या हंगामापुरता देता येत नाही. ज्या संघाला खेळाडू हवा असेल तो तसे बीसीसीआयला कळवतो. बीसीसीआय खेळाडूच्या संघाला विचारते, आणि त्या संघाने ४८ तासांत उत्तर द्यायचे असते. होकार आला तर खेळाडू संमतिपत्रावर सही करतो, मग देण्याघेण्याची बोलणी होतात. एकाहून अधिक संघांनी मागणी घातली तर द्यायचे कोणाला हे मूळ संघ ठरवतो. खेळाडूचे मानधन नव्या संघाच्या 'पर्स'मधून, म्हणजे खेळाडूंवरील खर्चाच्या ठरलेल्या मर्यादेतून, वजा होते. संघाने संघाला दिलेली ट्रान्सफर फी पर्समध्ये धरत नाहीत, जाहीरही करत नाहीत. या विषयावर वर्तमानपत्रांतून जे आकडे येतात ते त्यामुळे बहुतेक ऐकीव असतात.

झहीर–उथप्पा, २००९. आयपीएलमधील सुरुवातीच्या अदलाबदलींपैकी ही सर्वांत सरळ. २००८ च्या लिलावात बंगळूरने झहीर खानला साडेचार लाख डॉलरना, तर मुंबईने रॉबिन उथप्पाला आठ लाख डॉलरना घेतले होते. दुसऱ्या हंगामाआधी दोघांनी जागा बदलल्या. झहीर मूळचा श्रीरामपूरचा, म्हणजे बीडला लागून असलेल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचा, आणि रणजीत तोवर बडोद्याकडून मुंबईकडे आलेला. उथप्पा कर्नाटकचा. त्यामुळे दोघेही आपापल्या घरच्या संघात पोहोचले. सलगी फार टिकली नाही: २०११ च्या लिलावात बंगळूरनेच झहीरला नऊ लाख डॉलर देऊन परत नेले, उथप्पा २१ लाख डॉलरना पुणे वॉरियर्सकडे गेला. त्याच सुमारास शिखर धवन दिल्लीहून मुंबईला आणि आशिष नेहरा मुंबईहून दिल्लीला गेला.

प्रस्ताव कोणी मांडायचा. संघाने, खेळाडूने परस्पर नव्हे. रवींद्र जडेजाने राजस्थानशी करार न वाढवता दुसरीकडे बोलणी केल्याच्या कारणावरून त्याला २०१० चा पूर्ण हंगाम बाहेर बसावे लागले. याच जडेजाला नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईने सॅम करनसह राजस्थानला दिले आणि संजू सॅमसनला १८ कोटींना घेतले; जडेजाचे मानधन या व्यवहारात १८ कोटींवरून १४ कोटींवर आले.

महाराष्ट्रातील इतर. अजिंक्य रहाणे २०१९ मध्ये राजस्थानहून दिल्लीला गेला, बदल्यात मयंक मार्कंडे व राहुल तेवतिया. पालघरचा शार्दुल ठाकूर २०२२ मध्ये दिल्लीहून कोलकात्याला गेला, तेव्हा उलट बाजूने अमन खान दिल्लीला आला. २०२५ मध्ये तो लखनौहून दोन कोटींना मुंबईत आला आणि अर्जुन तेंडुलकर ३० लाखांना मुंबईहून लखनौला गेला. हार्दिक पंड्याचे प्रकरण (नोव्हेंबर २०२३) सर्वाधिक गाजले. गुजरातने कायम ठेवलेल्या खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव झळकले आणि त्याच संध्याकाळी तो १५ कोटींना मुंबईचा झाल्याच्या बातम्या आल्या. पर्समध्ये जागा करण्यासाठी मुंबईने कॅमेरॉन ग्रीनला साडेसतरा कोटींना बंगळूरला दिले. पुढच्याच महिन्यात रोहित शर्माचे कर्णधारपद गेले, आणि २०२४ च्या हंगामात मुंबई दहाव्या म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिली. व्यवहार चुकला की संघच फुटला, यावर मतभेद आहेत.

कबड्डी, खो-खो. प्रो कबड्डीत (२०१४ पासून) यू मुंबा व पुणेरी पलटण हे राज्यातील संघ. अल्टिमेट खो-खो २०२२ मध्ये सुरू झाली.

बीड जिल्हा. फ्रँचायझीचा संघ बीडच्या नावाने नाही. जिल्ह्यातले खेळाडू वाढतात ते बाहेर जाऊन: आष्टी तालुक्यातील मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे सैन्यातून, केज तालुक्यातील प्रियांका इंगळे पुण्यातून. तिच्या नेतृत्वाखाली भारताने १९ जानेवारी २०२५ रोजी नेपाळला ७८–४० असे हरवून खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. क्रिकेटपटू सचिन धसने बीडमध्ये अर्ध्याच लांबीच्या टर्फ पट्टीवर सराव केला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, ४ बाद ३२ अशा अवस्थेतून उदय सहारणसोबत १७१ धावांची भागी करत, त्याने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढल्या.

अदलाबदलीचा कायदा मात्र बीडकरांना समजावून सांगावा लागत नाही. ऊसतोडीला जाणारा 'कोयता' (म्हणजे मजुरांची जोडी) उचल घेतली की हंगामभर त्या मुकादमाचा असतो. दुसऱ्याकडे जायचे तर आधीची उचल फिटली पाहिजे. क्रिकेटमध्ये राज्य बदलताना जुन्या संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, त्यातला अडसर थोडाफार याच जातीचा. पृथ्वी शॉ २०२५ मध्ये ते घेऊन मुंबईहून महाराष्ट्रात आला. यशस्वी जैस्वालने त्याच वर्षी गोव्यासाठी मागितले आणि पुढच्याच महिन्यात मागणी मागे घेतली.

बीडमध्ये जन्मलेले (१९७२) संजय बांगर रणजीत रेल्वेकडून खेळले. हेडिंग्ले कसोटीत (२००२) सलामीला येऊन त्यांनी ६८ धावा केल्या आणि भारताने एक डाव ४६ धावांनी सामना जिंकला. आयपीएलच्या पहिल्या हंगामात ते डेक्कन चार्जर्सकडे होते, दुसऱ्यात कोलकात्याकडे. त्यांच्या प्रशिक्षणाखाली पंजाब २०१४ मध्ये अंतिम फेरीत पोहोचला. पुढे २०२२ व २०२३ चे हंगाम त्यांनी बंगळूरचे मुख्य प्रशिक्षक म्हणून काढले. प्रशिक्षकाचे मानधन पर्समध्ये मोजत नाहीत आणि त्याची अदलाबदलही होत नाही. करार संपल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये बांगर पुन्हा पंजाबकडे गेले.