नागपूरचे सागवानी लाकूडकाम व जीर्णोद्धार

'जीर्णोद्धार' म्हणजे जुने पाडून नवे बांधणे नव्हे. जे जीर्ण झाले त्याला पुन्हा उभारी देणे, हा त्या शब्दाचा खरा अर्थ होय. नागपूरच्या इतिहासावरून तो चांगला उमजतो.

पहिले रघूजी भोसले यांनी १७४३ च्या सुमारास नागपूरचा कारभार हाती घेतला. भोसल्यांच्या राजवटीत येथे अनेक वाडे व देवळे उभी राहिली. चांद्याकडील जंगलांत उत्तम साग होता. महालातील भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा असून लाकडी कोरीवकामाने नटलेला होता. १८६४ साली तो जळाला. नगारखाना तेवढा उरला. म्हणूनच जे जुने लाकूडकाम आज शिल्लक आहे, त्याचे मोल अधिक.

चांगले सागवान केवळ वयाने निकामी होत नाही. ओल आणि वाळवी त्याचा घात करतात. खांब बहुधा तळखड्यावर टेकतो तेथे कुजतो, तुळई भिंतीत शिरलेल्या टोकाशी कुजते. मधला भाग शाबूत असतो. जाणता सुतार लाकूड ठोकून, टोचून कूज कोठवर गेली ते ठरवितो. मग धिरे देऊन छताचा भार तोलला जातो. कुजका भाग कापून तेथे वाळलेल्या सागाचा तुकडा खाच पाडून सांधतात. हा तुकडा गाभ्याचाच हवा. बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला वाळवी लवकर लागते. बुडाशी सिमेंट भरल्यास ओल आत कोंडते व कूज वाढते. सर्वांआधी छताची गळती थांबविणे अगत्याचे. नाहीतर सारा खर्च वाया जातो.

जपानमधील होर्यु-जी या बौद्ध मंदिराच्या सुमारे तेराशे वर्षांच्या लाकडी वास्तू वेळोवेळीच्या दुरुस्तीमुळेच टिकल्या आहेत. तेथेही १९४९ साली दुरुस्ती चालू असताना आग लागून प्राचीन भित्तिचित्रांची हानी झाली. लाकडी सभामंडपात विजेच्या तारा व दिवे यांविषयी दक्षता का हवी, हे यावरून दिसते.

चांद्याच्या सागाची कीर्ती आजही कायम आहे. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर जिल्ह्यातूनच सागवान गेले.

नव्या स्लॅबवर देणगीदाराचे नाव ठळक दिसते, सांधलेल्या खांबावर ते दिसत नाही. परंतु पूर्वजांनी घडविलेला खांब एकदा उपटून विकला की कितीही द्रव्य खर्चून परत मिळत नाही. तो वाचविण्यासाठी दिलेला प्रत्येक रुपया देवाच्या चरणी रुजू झाला, असेच समजावे.